आईबापाला समुद्र दाखवला ती दिवाळी

आमच्याकडे दिवाळी हा मोठा सण कधीच नव्हता. मोठा सण होळी. म्हसावदहून वर चढत गेलं की डोंगरात आमचा पाडा लागतो, आणि होळीला तिथे बाहेरगावी गेलेलं झाडून सगळं माणूस परत येतं. दिवाळीत मात्र पाडा अर्धा रिकामा. बरेचसे लोक गुजरातेत ऊस तोडायला गेलेले. दाराला कुलूप, आणि ज्याच्याकडे कुलूप नसेल त्याच्या दारात काटेरी फांदी आडवी टाकलेली. त्यामुळे नर्सिंग शिकायला मी सुरतेला गेले तेव्हा वर्गातल्या मुली विचारायच्या, "दिवाळीला घरी कधी जाणार?" आणि मला सांगता यायचं नाही, की माझं घर त्या दिवसांत घरी नसतं.

पहिल्या वर्षाची दिवाळी मी खोलीत झोपून काढली. दुसऱ्या वर्षी मला एक गोष्ट सुचली. आईबाप ज्या पडावात, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांच्या वस्तीत, राहायचे तो पडाव बारडोलीच्या बाजूला होता. सुरतेहून बसने जाण्यासारखा. आणि पाडव्याला कारखाना बंद असतो, त्यामुळे तोडही बंद. म्हणजे वर्षातला तो एकच दिवस असा होता, की मी मोकळी, तेही मोकळे, आणि आम्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मी ठरवलं, त्यांना सुरतेला आणायचं. माझी खोली दाखवायची, जेवू घालायचं आणि समुद्र दाखवायचा. बाने, म्हणजे माझ्या बापाने, उभ्या आयुष्यात नर्मदा पाहिली होती, तापी पाहिली होती. समुद्र नव्हता पाहिला.

मी तरी कुठे पाहिला होता. सुरत समुद्राकाठी आहे असं भूगोलात शिकले होते, पण सुरतेत राहून समुद्र दिसत नाही. दुमसला बस करून जावं लागतं, आणि बसभाड्याच्या विचाराने मी दीड वर्ष गेले नव्हते.

माझ्याबरोबर खोलीत नवापूरकडच्या डोंगरातली एक मुलगी होती. तिची भाषा कोकणी, म्हणजे गोव्याची नव्हे, डोंगरातल्या कोकणा लोकांची; माझी पावरी. एकमेकींचं अर्धंच कळायचं, म्हणून आम्ही मराठीत बोलायचो. तिच्या घरचे ख्रिस्ती. तिचा सण नाताळ. दोनदा जाण्यायेण्याचा खर्च झेपणार नाही म्हणून तीही दिवाळीत खोलीवरच राहायची. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "तुझे आईबाबा म्हणजे आपले पाहुणे. आपण दोघी मिळून दिवाळी करू."

आमची दिवाळी कशी होती ते सांगते. सुरतेत कापडाच्या गल्लीत कटपीस वजनावर मिळतात. गठ्ठ्यातून उपसून काढायचे. त्यातून आईच्या ब्लाउजला हिरवा तुकडा काढला, बाच्या सदऱ्याला पांढरा, आणि धाकट्या बहिणीच्या फ्रॉकला पिवळा, ज्याच्या एका कडेला शाईचा डाग होता. तो शिवणीत जाईल असा बेतला. फरसाणवाल्याकडे मोडकी शेव, तुटक्या चकल्या, पुरीचा चुरा वेगळ्या डब्यात असतो. तो आम्ही घ्यायचो. संध्याकाळी खोलीत बसून मजुरीवर दुकानाच्या साड्यांना चमकीचे खडे चिकटवायचो. दिवाळीच्या आधी हे काम खूप असतं. बोटांना गोंद असा बसायचा, की जेवताना भाताचं शीत बोटाला चिकटलेलंच राहायचं. वर्गातल्या मुली त्याच साड्या नेसून दिवाळीचे फोटो काढणार हे आम्हाला माहीत होतं, आणि त्याचं आम्हाला काही वाटत नव्हतं. उलट एखादी साडी ओळखू येईल का, अशी पैज लावायचो.

घरमालकीण आमच्याच जिल्ह्यातली, नंदुरबारजवळच्या धानोऱ्याकडची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेला आला आणि इथलाच झाला. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती अहिराणी बोलायची, आणि परक्या शहरात ती भाषा कानावर पडली की मला म्हसावदचा बाजार आठवायचा. आईबापाला आणू का, असं विचारलं तेव्हा तिने माझा हातच धरला.

"येऊ दे ना वं पोरी. मन्हं घर तुन्हंच शे. जेवाले आठेच बठतीन, मन्हा घरमा."

मग जरा थांबून म्हणाली, "फक्त आगुदर साफसफाई करी लिऊत. मन्हं कंबरडं काम करत नही."

आम्ही दोघींनी तिचं घर साफ केलं. पंखे उतरवले, खिडक्यांचे गज घासले, माळ्यावरची पितळेची भांडी चिंचेने लख्ख केली, गाद्या गच्चीवर नेऊन झोडपल्या. नंतर चकल्या पाडायला बसवलं, शंकरपाळे तळायला बसवलं. कॉलेज सुटलं की हेच. मावशी खुर्चीवर बसून सांगायची आणि मधूनमधून म्हणायची, "पोटना पोरीस्नीबी इतलं करं नही." आम्हाला बरं वाटायचं. नवापूरची हळूच म्हणायची, "दोन माणसांचं एक जेवण, त्याच्यासाठी किती गं?" मी म्हणायचे, "एक जेवण नाही. आईबाप कोणाच्या तरी घरात बसून जेवतील."

ऊसतोडीचा मुकादम शहाद्याकडचा, आणि त्याची उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, आईबापाच्या अंगावर होती. आदल्या दिवशी मी बाला फोन लावला तर मुकादमाने मध्येच फोन हातात घेतला.

"मायबाप दोन्ही जातीन तं मन्हा काय भरोसा? लहानीले आठेच ऱ्हावू दे. मंग तुम्ही परत येशातच."

मी म्हणाले, "काका, एका दिवसाची तर गोष्ट. तिलाही समुद्र बघायचाय."

"समुद्र काय पळी जाई का?" तो म्हणाला आणि हसला. मागे कोणीतरी आणखी हसलं.

माझी बहीण तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिने आदल्या संध्याकाळीच केस धुतले होते, असं आईने नंतर सांगितलं. सकाळी आईबाप निघाले तेव्हा ती पडावाच्या तोंडापर्यंत मागे आली. मुकादमाच्या बायकोने तिला हाक मारून भांडी घासायला बसवलं.

बसस्टँडवर आईबाप उतरले तेव्हा बाने पडावातल्या कोणाचा तरी स्वेटर घातला होता. उकाडा होता, पण स्वेटर चांगला होता म्हणून घातला होता. आईच्या हातांना जागोजाग चिरा पडल्या होत्या. उसाचं पान कातरीसारखं असतं. नव्या हंगामाचे पहिले काही आठवडे हात असेच असतात, मग घट्टे पडतात. तिने ते हात पदराखाली घेतले. "काही नाही, दरवर्षीचं आहे," म्हणाली.

घरी पोचलो तर जिन्यापाशी मोठी रांगोळी होती आणि वरून माणसांचा गलका येत होता. मावशीच्या सासरचे पाहुणे आले होते. गुजराती नवं वर्षही त्याच दिवशी असतं, त्यामुळे शेजारपाजारचेही येऊन-जाऊन होते. मावशी दारात आली. नवी साडी, नाकात नथ. तिने आईबापाकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि मला जरा बाजूला घेतलं.

"आज नको वं पोरी. घर पाहुणास्नी भरेल शे."

"मावशी, मग आमच्या खोलीत बसवते."

"खोलीमा जावाले घरमातूनच जानं पडस ना? उलसं जिनावर बठतीन तं काय बिघडी? मी ताट धाडस."

तोवर बा जिन्यावर बसलाही होता. चपलांच्या शेजारी. तो असा बसला, जणू त्याला तिथेच बसायचं होतं. "गार आहे इथे," तो आईला म्हणाला. आत आम्ही घासलेली पितळेची भांडी कपाटात ओळीने चमकत होती आणि एक पाहुणी त्यांचं कौतुक करत होती. मावशी सांगत होती, "दिवाळीले सगळं मन्हाच हाततून जास."

ताट आलं ते कागदाच्या प्लेटमध्ये. दोन चकल्या, थोडे शंकरपाळे, पुरी, बटाट्याची भाजी. नवापूरच्या मुलीने प्लेट बघितली आणि तिचा चेहरा बदलला. ती आत जायला निघाली, भांडायलाच. आईने तिचा हात धरून खाली बसवलं. आम्ही चौघं जिन्यावर जेवलो. वरखाली जाणारे पाहुणे आमच्यामधून पाय टाकत जात होते. एका बाईच्या साडीचा काठ बाच्या पुरीवरून गेला. तिने साडी झटकली आणि निघून गेली. बाने ती पुरी खाल्ली.

नवापूरची म्हणाली, "मी इथेच थांबते. मला हिच्या घरात जाऊन एकदा काहीतरी बोलायचंच आहे. तुम्ही तिघं जा." मी तिला खूप समजावलं, पण ती हटली नाही. मग आम्ही दुमसची बस धरली.

बस गर्दीने फुटत होती. उतरल्यावर बा इकडेतिकडे बघायला लागला. "कुठे आहे?" ओहोटी होती. काळी, ओली वाळू लांबवर पसरलेली, आणि पार शेवटी एक राखाडी रेघ. मी म्हणाले, "ती काय रेघ दिसते ना, तो समुद्र." इतक्या वर्षांनी बघायला यावं आणि तो निघून गेलेला असावा, असं बाच्या तोंडावर होतं.

किनाऱ्यावर घोडे होते, लोकांना फिरवून आणायला. एका घोडेवाल्याशी बा बोलायला लागला. घोडा आमच्याकडच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलाय, असं तो म्हणाला. बा खूश झाला. घोड्याची मान थोपटत बराच वेळ उभा राहिला. त्या दिवसात तो मनापासून हसला तो तेवढाच.

आम्ही चिखलातून चालत पाण्यापर्यंत गेलो. आई वाकली आणि तिने ओंजळ भरायला दोन्ही हात पाण्यात बुडवले. आणि ती ओरडली. मला आधी कळलंच नाही. हातांच्या चिरांमध्ये मीठ गेलं होतं. ती हात हवेत झटकत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. धुवायला जवळ गोडं पाणी नव्हतं. मी तिचे हात माझ्या ओढणीत गुंडाळले. शेजारी उभी असलेली काही पोरं तिच्या ओरडण्याची नक्कल करून हसत होती. बा आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग पाण्याकडे.

"चला," तो म्हणाला. "बघून झालं."

वर येऊन आम्ही भज्यांच्या गाडीपाशी एकाच प्लेटमध्ये टोमॅटोची भजी घेतली. आई तिथेच विकत घेतलेल्या बाटलीतल्या पाण्याने हात धूत होती. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या नावाने हाक मारली. वर्गातल्या मुली होत्या. त्यांच्यात माझ्या बाकावर शेजारी बसणारीही होती. माझ्या वह्यांवरून ती परीक्षेचा अभ्यास करायची. तिने मला मिठीच मारली.

"साल मुबारक! तू इधर? अकेली आई?"

मी तोंड उघडायच्या आत बा उठला. दोन पावलं मागे सरकला, हात जोडले आणि त्याच्या शेतावरच्या हिंदीत म्हणाला, "नहीं बेन, हम तो रस्ता पूछता था. बस किधर मिलेगा, वो."

मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "ये मेरे पिताजी हैं. ये मेरी माँ."

बा मान हलवून हसला. "नहीं नहीं बेन. मजाक करती है."

आणि त्या खरंच हसल्या. एकीने माझ्या पाठीवर थाप मारली. "तू भी ना!" मी नव्या कुर्त्यात होते, केस मोकळे होते. बाच्या अंगात तो उकाड्यातला स्वेटर होता. ते कोणाला खरं वाटणार होतं? मी पुन्हा म्हणाले, "सच बोल रही हूँ," पण तोवर त्यांचं लक्ष बाकडे गेलं होतं. बाकावरची शेजारीण म्हणाली, "बेचारे. नए साल का दिन है, इनको कुछ दे देते हैं." तिने आपल्या कारमधून मिठाईचा खोका आणवला. बाच्या हातात दिला. बाने तो दोन्ही हातांनी घेतला.

"अंकल, इधर देखो. मोबाइल में."

बाने बघितलं.

"हाथ जोड़ो ना. पहले जैसा जोड़ा था."

हातात खोका होता. त्याने तो काखेत धरला आणि हात जोडले. मी तिच्या हातातला मोबाइल खाली ढकलला. तिला वाटलं मी अजून चेष्टाच करतेय. ती हसत मागे सरकली आणि तिने फोटो काढला. मग आईकडे वळली. "आंटी, आप भी." आई आमच्याकडे पाठ करून समुद्राच्या दिशेने बसली होती. ती वळली नाही.

"बहरी है क्या?"

"हाँ बेन," बा म्हणाला. "कम सुनती है."

आईला पडावाच्या दुसऱ्या टोकाला रडणारं मूलसुद्धा ऐकू येतं. ती तशीच बसून राहिली. मुली मला "कल मिलते हैं" म्हणाल्या, एकीने बाला बसचा थांबाही दाखवला, आणि त्या गेल्या.

मी बाला विचारलं, का असं केलंस. पावरीत, आमच्या भाषेत. माझा आवाज चढला होता. भजीवाला बघायला लागला.

बा म्हणाला, "तुला त्यांच्यात राहायचं आहे. मला उद्या ऊसच तोडायचा आहे."

"मी त्यांना सांगत होते ना, तू माझा बाप आहेस म्हणून!"

"हो. आणि उद्यापासून तुझ्याकडे बघताना त्यांना मीच दिसलो असतो."

आई म्हणाली, "मला बहिरी केलंस ते बरं केलंस. मला ऐकायचंच नव्हतं." ती हे बाला म्हणाली, पण ते प्रेमाने म्हटलेलं नव्हतं.

बसमध्ये मी खोका उघडून बघितला. अर्धा रिकामा होता. काजूकतलीच्या एका तुकड्याला दातांची खूण होती, आणि एका कोपऱ्यात वापरलेला कागदी रुमाल कोंबलेला होता. बा म्हणाला, "बंद कर. धाकटीला होईल."

बहिणीला फ्रॉक द्यायचा होता म्हणून मी त्यांच्याबरोबर पडावात गेले. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ती रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या उसाच्या बैलगाडीवर बसून आमच्याच वाटेकडे बघत होती. तिचे हात राखेने काळे झाले होते. तिने फ्रॉक लगेच अंगावर चढवला, जुन्या कपड्यांवरूनच. शाईचा डाग शिवणीत गेला नव्हता, दिसत होता. तिला त्याचं काही नव्हतं. मग तिने खोका उघडला आणि बसल्या जागी खायला लागली. खाता खाता थांबली, एक तुकडा उजेडात धरला.

"ही कोणीतरी खाल्लेली आहे."

आईने तिच्या तोंडात मारली. जोरात. आईने तिला तोवर कधी हात लावला नव्हता. मलाही नाही. बहीण रडली नाही. तिला काय चुकलं तेच कळेना. ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, तोंडातला घास तसाच. बाने खोका उचलला आणि झोपडीत नेऊन ठेवला. पलीकडे मुकादम खाटेवर बसला होता. तो म्हणाला, "मंग? दखा का समुद्र?" बा म्हणाला, "दखा, दादा. भलता मोठा शे." मुकादमाशी तो नेहमी अहिराणीत बोलायचा.

मी शेवटच्या बसने सुरतेला परतले. खोलीत नवापूरची तिचं सामान बांधत होती. मावशीने तिला, आणि मलाही, महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली होती. पाहुण्यांसमोर अपमान केला म्हणून. काय अपमान केलास, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी फक्त पाहुण्यांना सांगितलं, की ही भांडी कोणी घासली."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या ड्युटीवर वर्गातल्या एका मुलीने मला मोबाइल दाखवला. माझ्या शेजारणीने बाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. काखेत खोका, जोडलेले हात, किंचित उघडं तोंड. खाली लिहिलं होतं, की खरी दिवाळी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आणण्यात असते. बा हसत नव्हता. ज्यांनी पाहिला त्यांनी बदाम आणि जोडलेले हात पाठवले होते.

मी शेजारणीकडे गेले. "तो काढून टाक. ते माझे वडील आहेत."

या वेळी ती हसली नाही. पण लगेच म्हणाली, "मग तेव्हा नीट का नाही सांगितलं?"

"दोनदा सांगितलं."

"तू हसत होतीस."

मी हसत नव्हते. मला माहीत आहे माझं तोंड कसं होतं.

ती म्हणाली, "अगं पण त्यात वाईट काय आहे? आम्ही चांगलंच केलं ना? आणि तू तर फोटोत नाहीयेस." तिने फोटो स्टेटसवरून काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्यांकडे गेला होता. कॉलेजात कुजबुज झाली. नवापूरच्या मुलीने एका शिक्षिकेला जाऊन सगळं सांगितलं. मग वरून विचारणा झाली, आणि शेजारणीची आई एका संध्याकाळी तिला घेऊन आमच्या खोलीवर आली. हातात मिठाईचा नवा खोका, न उघडलेला. ज्या मावशीने माझ्या आईबापाला जिन्यावर बसवलं होतं तिने या दोघींना सोफ्यावर बसवलं आणि वेलचीचा चहा केला. आम्हालाही बाहेर बोलावलं. खोली खाली करायला सांगितल्यानंतर तिने आम्हाला पहिल्यांदाच "पोरी" म्हटलं.

शेजारणीची आई फार गोड बोलली. "माझ्या मुलीचं मन मोठं आहे. रस्त्यावरच्या कोणालाही ती देऊन टाकते. लहानपणापासून तसंच." मग म्हणाली, "तुझ्या वडिलांनीच नाही म्हटलं ना? मग हिची काय चूक?" ते खरंच होतं. तिलाही ते माहीत होतं. शेवटी तिने मुद्द्याचं सांगितलं. वर्गाच्या ग्रुपवर मी लिहावं, की गैरसमज झाला होता, माझ्या मनात काही नाही. म्हणजे पोरीच्या रेकॉर्डवर काही जाणार नाही. "तुलाही पुढे नोकरी लागायची आहे. भांडखोर म्हणून नाव होऊ नये."

नवापूरची म्हणाली, "लिहू नकोस."

मावशी म्हणाली, "लिही टाक वं. काय जास तुन्हं?"

मी लिहिलं. त्यांच्यासमोरच. शेजारणीने खाली लगेच एक हसरा चेहरा टाकला. पुढची सगळी वर्षं ती माझ्या शेजारीच बसली आणि वह्या मागत राहिली.

होळीला आम्ही सगळे पाड्यावर आलो. ढोल वाजत होते, मोहाच्या दारूची पहिली धार निघाली होती. बा लोकांना समुद्र सांगत होता. घोडा सांगितला, वाळू काळी असते ते सांगितलं. माझ्या मैत्रिणी भेटल्या, असं सांगितलं. "चांगल्या घरच्या पोरी. मला मिठाई दिली," असं म्हणाला. मी समोरच होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते, की पोरीच्या ओळखी बघा. आई उठून झोपडीत गेली. बहिणीला कोणी विचारलं, तू नव्हतीस का गेली? ती म्हणाली, "मी लहान होते," जणू ती गोष्ट फार जुनी होती. पुढच्या हंगामाला मुकादमाने तिला टोळीत धरलं. मोळ्या बांधायला. ती शाळेत परत गेली नाही. मी शाळेत जाऊन बोलले, मुकादमाशी बोलले, बाशी भांडले. बा म्हणाला, "एका घरातून एकच पोरगी बाहेर काढता येते."

माझं शिक्षण पूर्ण झालं त्या वर्षी कॉलेजात मोठा समारंभ होता. आम्हाला पांढरा गणवेश, हातात दिवा, आणि घरच्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या. मी बाला फोन केला. गाडीभाडं मी पाठवते, म्हटलं. पुढच्या रांगेत बसायचं आहे, जिन्यावर नाही. तो म्हणाला, "मोठी तोड चालू आहे. मुकादम सोडणार नाही." माझ्यासाठी ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर नवापूरच्या मुलीचे आईवडील बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

बऱ्याच दिवसांनी आईच्या बोलण्यातून निघालं, की कारखाना त्या वर्षी आधीच बंद झाला होता. समारंभाच्या दिवशी बा पाड्यावरच होता, दिवसभर घरातच. मी आईला विचारलं, मग तू तरी का नाही आलीस?

आई म्हणाली, "'येतेस का' असं त्याने विचारलंच नाही मला. आणि 'का जात नाहीस' असं मीही त्याला विचारलं नाही."